दुःखाच्या घरचे हलव्याचे दागिने

आमच्या घरचा धंदा असा आहे की ऐकणारा आधी हसतो आणि मग भाव विचारतो. साखरेचे दागिने. नव्या नवरीची पहिली संक्रांत आली की तिला काळी साडी नेसवायची आणि अंगावर हलव्याचा मुकुट, हलव्याचा हार, बाजूबंद, नथ, मंगळसूत्र, सगळं पांढरं शुभ्र चढवायचं. लहान पोराच्या बोरन्हाणाला बासरी आणि मोरपीस. जावयाला हार, नारळ, मनगटी घड्याळ आणि आता हलव्याचा मोबाईलसुद्धा. त्याचा खरा मोबाईल हप्त्यावर असला तरी हा रोख लागतो. फोटो निघतात, आणि दुसऱ्या दिवशी मुंग्या येऊन आपला वाटा घेऊन जातात. एवढ्यासाठी आमच्या मुलुंडच्या घरात दिवाळी संपली की संक्रांतीपर्यंत बायको आणि लेक बोटं भाजून घ्यायच्या.

बोटं भाजणं म्हणजे खरंच भाजणं. परातीखाली मंद आच, परातीत साबुदाणा किंवा खसखस, त्यावर चमचा चमचा साखरेचा पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी ते दाणे फिरवत राहायचं. फिरवायचं, सुकवायचं, परत पाक, परत फिरवायचं. असे दिवसच्या दिवस. मग कधीतरी, थंडी चांगली पडली असेल तर, दाण्याला काटा फुटतो. घाई केली की गोळा. मधेच उठून गेलं की गोळा. आणि या कामाला देवाने माणूस कोण निवडलं? तर माझी लेक, जिने एका जागी बसून जन्मात एक कप चहा संपवलेला नाही.

तिने आधी नोकऱ्या केल्या. मरोळला एका ऑफिसात, मग अंधेरीला, मग परत मरोळला. प्रत्येक ठिकाणी साहेब सुरुवातीला म्हणायचे, हुशार आहे. काही महिन्यांनी म्हणायचे, हुशार आहे, पण. त्या ‘पण’च्या पुढे पगार यायचा नाही. लग्न झालं, तेही ‘पण’पर्यंतच टिकलं. मग ती घरी आली आणि आईच्या परातीसमोर बसली.

चाळिशीला टेकली तेव्हा घाटकोपरच्या एका डॉक्टरणीने तिला सांगितलं की तुला एडीएचडी आहे. आम्ही दोघं सोबत गेलो होतो. मी सातवी शिकलेला माणूस. मी विचारलं, हे खाण्यातून होतं का? डॉक्टरीण म्हणाली, नाही, जन्मापासूनच असतं, मेंदूच तसा असतो, लक्ष एका जागी थांबत नाही, आणि थांबलं तर मग हलत नाही. आमची ही मालवणी बाई, लेकीला चेडू म्हणायची. ती म्हणाली, “म्हंजे शाळेत चेडवाच्या हातार पट्ट्यो बसल्यो त्यो फुकटच ना?” डॉक्टरीण म्हणाली, “हो आई, फुकटच.” आम्ही फी देऊन बाहेर आलो. आमच्या काळी याला वेंधळेपणा म्हणायचे आणि तो फुकट सांगायचे.

पण बायकोने डॉक्टरणीच्या आधीच इलाज काढला होता. लेक परातीवर बसली की ही समोर पाट घेऊन बसायची. मेथी निवडायची, तांदूळ निवडायची, काहीच नसेल तर लसूण सोलत बसायची. बोलायची नाही. मला वाटायचं, नुसती बसलीय. पण ही उठून आत गेली की लेकही पाठोपाठ उठायची. खिडकीत जायची, खिडकीतून बाल्कनीत, बाल्कनीतून खाली, आणि परात जळायची. ही समोर असली की पोरगी पाच-पाच तास मान वर करायची नाही.

बाकी धंदा तिच्या पद्धतीने चालायचा, म्हणजे बघणाऱ्याला वाटायचं वाट लागलीय. घरात कात्र्या एवढ्या, की शिंप्याकडे नसतील, आणि हवी तेव्हा एकही नाही. साधा हार सांगितला तर हार विसरून मोर करून ठेवायची, आणि मोर असा की गिऱ्हाईक हाराचं विसरून मोर घेऊन जायचं. कुणाला मेसेज करायची, “ताई, तुमचं काम मी साफ विसरले होते, आत्ता आठवलं, आता करते.” असं कुणी लिहितं का? लोक लिहितात, मशीन बिघडलं, कुरिअरवाला आजारी आहे.

मधे एकदा दोघी अंधेरीला कुठल्या तरी उद्योजिका शिबिराला जाऊन आल्या. तिथल्या बाईने दिवसभर एकच सांगितलं, ऑथेंटिक राहा. मी विचारलं, म्हणजे काय? लेक म्हणाली, “पप्पा, म्हणजे आपण जसे आहोत तसंच धंद्यात दिसायचं. खरं.” बायको चपला काढत म्हणाली, “फी भरून ह्या आयकूक गेलंव. आणि त्या बायच्यो पापण्यो सुद्धा खोट्यो.”

बायको गेली श्रावणात. सकाळी ताप, दुपारी दवाखाना, आणि चार दिवसांनी मी तिच्या चपला पिशवीत घालून घरी आणल्या. भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, भाग्यवान हो, अहेव गेली, कुंकवासकट गेली. म्हणजे मी अजून मेलो नाही हे तिचं भाग्य. लोक माझ्याकडे असं बघत होते, जसं काही मी तिच्यासाठी एक मोठं काम करून ठेवलंय. चहा पिऊन जायचे. कप मी धुवायचो.

वर्षाच्या आत घरात सण करायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. गणपती आणला नाही, कंदील लावला नाही. तोपर्यंत ठीक होतं. दिवाळी सरल्यावर तळमजल्यावरच्या वहिनी वर आल्या आणि लेकीसमोरच मला म्हणाल्या, “भावोजी, यंदा धंदा बंदच ठेवा हो. नव्या नवरीचं सौभाग्याचं लेणं, ते दुःखाच्या घरातून कोण नेणार? आणि विकायचं तरी कशाला, आपल्यालाच पाप.”

त्या गेल्यावर मी लेकीला म्हटलं, “बाय, वहिनी बोलतायत ते खोटं नाय. एक वर्ष राहू दे.”

ती म्हणाली, “पप्पा, एक वर्ष नाही, कायमचं जाईल. माझं तसंच आहे. हातातून सुटलेली गोष्ट मला परत धरता येत नाही. गिटार बघा. पार्लरचा कोर्स बघा. नवरा बघा.”

मी तिन्हीकडे मनात बघून घेतलं. गिटार माळ्यावर आहे. बाकीचे दोन कुठे आहेत ते माहीत नाही. पोरगी बरोबर बोलत होती. आयुष्यात तिने धरून ठेवलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे ही परात. तीही आईने समोर बसून धरायला लावलेली. ती सुटली की चाळिशीतली बाई परत मरोळच्या साहेबांचं ‘पण’ ऐकायला जाणार.

“मग काय करायचं म्हणतेस?”

“तुम्ही समोर बसायचं. बोलायचं नाही. टीव्ही नाही. झोपायचं तर अजिबात नाही.”

“आणि करू काय?”

“आई मेथी निवडायची.”

अशी मला म्हातारपणी नोकरी लागली. मरोळच्या वर्कशॉपात लेथवर उभं राहायचे मला आयुष्यभर पैसे मिळाले, इथे बसायचं काम बिनपगारी. रोज मेथीची जुडी आणायची आणि तिच्यासमोर बसून निवडायची. निवडलेली मेथी टाकणार कुठे? रोज मेथीची भाजी, मेथीचे पराठे, वरणात मेथी. पहिल्या आठवड्यात मी तीन वेळा डुलकी घेतली आणि तिन्ही वेळा दाण्यांचा गोळा झाला. तिने बडबड केली नाही, फक्त चमचा परातीवर वाजवला. तिची आई मला तशीच उठवायची, पण ते असो. पुढे मला जमलं. हलवा दिसायला लागला.

मग गिऱ्हाईक. बोरिवलीहून एक सासूबाई नमुने बघायला आल्या. सुनेची पहिली संक्रांत. मुकुट हातात घेतला, खूश झाल्या, “झकास केलंयस गं,” म्हणाल्या. आणि नजर भिंतीवर गेली. चंदनाच्या हारातला फोटो.

“या कोण?”

“आई,” लेक म्हणाली.

“कधी?”

“श्रावणात.”

“म्हणजे... याच?”

“याच श्रावणात. हा मुकुट मूळ तिचाच आहे बघा, म्हणजे डिझाईन. वरची कळी मी बदललीय.”

बाईंनी मुकुट खाली ठेवला. सावकाश, जसा गरम कुकर ठेवतात तसा. “हात धुवायला मिळेल का?” म्हणाल्या.

“हो हो,” आमची पोरगी उठली, “साखर आहे ना, चिकटते.” आणि त्यांना मोरीपर्यंत घेऊन गेली, वर नॅपकिनही दिला. बाईंनी हात धुतले, “कळवते” म्हणाल्या आणि गेल्या. पोरीला तास झाल्यावर समजलं. ती परातीवरून मान वर करून म्हणाली, “पप्पा, त्यांनी साखरेसाठी नाही धुतले ना हात?”

मी म्हटलं, “मला काय विचारतेस, मला बोलायची बंदी आहे.”

त्या संध्याकाळी मी स्टूल घेतलं आणि फोटो खाली उतरवला. आतल्या खोलीत कपाटावर ठेवला. लेक बघत होती. मी सांगितलं, “आता नीट ऐक. धंदा आहे. कुणी विचारलं, आई कुठे आहे, तर म्हणायचं, गावी गेलीय. एवढंच. दोन शब्द.”

“गावी गेलीय,” ती म्हणाली. परीक्षेला बसल्यासारखं पुन्हा म्हणाली, “गावी गेलीय.”

पुढच्या रविवारी ठाण्याहून जुनं गिऱ्हाईक आलं. यांच्या मोठ्या मुलीचे दागिने बायकोने केले होते, आता धाकटीचे करायचे होते. बसता बसताच त्यांनी विचारलं, “आई दिसत नाहीत?”

“गावी गेलीय.” अगदी पाठ. मी मेथीत डोकं घालून मनातल्या मनात शाबासकी दिली.

बाई बाजूबंद बघायला लागल्या. पोरगी जरीची तार कशी ओवलीय ते दाखवायला लागली. आता ती दाखवायला लागली म्हणजे जग गेलं. कुठल्या दुकानाने तार बदलून दिली, कुठली काळी पडते, सगळं. मधेच बाई सहज म्हणाल्या, “मग कधी येणार?”

“कोण?”

“आई गं.”

“आई कशी येणार आता? ती श्रावणात गेली ना.”

बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मेथीकडे बघितलं. “गावी?” बाईंनी विचारलं.

“नाही हो, वारली. गावी गेलीय असं सांगायचं ठरलंय आमचं.”

त्या रडल्या. खरंच रडल्या, आईला चांगल्या ओळखत होत्या. आणि रडून झाल्यावर ऑर्डर न देता गेल्या, कारण धाकटीच्या सासरकडचे कडक आहेत.

दार लागल्यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात असं की एवढं साधं खोटं शेंबडं पोरही बोलतं.

“पोराला जमतं, मला नाही जमत,” ती ओरडली. “खोटं बोलायचं तर ते लक्षात ठेवावं लागतं पप्पा! कुणाला काय सांगितलं, कधी सांगितलं. माझ्या लक्षात कात्री राहत नाही, खोटं कुठून राहणार? खरं बरं पडतं, ते लक्षात ठेवायला लागत नाही, ते असतंच.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “आणि प्रत्येक वेळी गावी गेलीय म्हटलं की मला एक सेकंद खरंच वाटतं.”

मी मेथीची जुडी परत पुढ्यात ओढली. पण धंद्याचं मला कळतं असं माझं मत होतं. वर्कशॉपसमोर एक चहावाला होता, तो गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगायचा, आज दूध पातळ आहे. धंद्यात खरं बोलणारा मी पाहिलेला तो एकटाच. त्याच्या जागी आता मोबाईल कव्हरचं दुकान आहे.

पोरीने स्टुलावर चढून फोटो परत लावला. मग मोबाईल घेऊन बसली आणि सगळ्या गिऱ्हाइकांना दिसेल असं लिहून टाकलं: माझी आई श्रावणात वारली. आमच्या घरी यंदा सण नाही, पण मी दागिने करणार आहे. मला एडीएचडी आहे. फोन उचलायचा राहून जातो, मेसेज करा, आणि परत परत आठवण करा, मला राग येणार नाही. तुम्हाला हवा त्याच्या दोन दिवस अलीकडचा वार सांगा. ज्यांना आमच्या घरचं चालणार नाही त्यांनी मनात न ठेवता दुसरीकडे घ्यावेत.

याला जाहिरात म्हणतात. लोक गिऱ्हाइकाला घरात आणायला पैसे खर्च करतात, आमच्या पोरीने दारातून परत पाठवायची सोय घरबसल्या केली.

आणि उत्तरं आली ना! रग्गड आली. जोडलेले हात आले, लाल बदाम आले. एका गृहस्थाने लिहिलं, खूप प्रेरणादायी. त्यांच्या घरी यंदा नवी सून आली होती, तिचे दागिने त्यांनी ठाण्याच्या दुकानातून घेतले. जोडलेल्या हातांनी ऑर्डर देता येत नसावी. खऱ्या ऑर्डरी आल्या त्या मोजक्या, त्यातल्या एका पोरीने लिहिलं, मलाही तेच आहे, तुम्ही विसरा, मी पण आठवण करायला विसरेन. या दोघींचं काम कसं झालं ते देव जाणे, पण झालं.

मार्गशीर्ष गेला तसे हलव्याचे डबे भरून राहिले आणि न्यायला कुणी नाही. मग मला ज्याची भीती होती ते सुरू झालं. मी पाटावर, मेथी पुढ्यात, आणि समोर कुणी नाही. पोरगी खिडकीची जाळी धुतेय. पोरगी कपाटातले जुने ड्रेस काढून बघतेय. पोरगी खाली गेली ती कुणाची तरी मांजर दवाखान्यात घेऊन गेली. वहिनी जिन्यात भेटल्या की मान हलवायच्या, तोंडाने काही म्हणायच्या नाहीत. न बोलता टोमणा मारणं ही एक कला आहे आणि त्या तिच्यात मुरलेल्या आहेत.

एका दुपारी लेक खिडकीत उभी राहून, माझ्याकडे न बघता म्हणाली, “पप्पा, डबे वाटून टाकूया. मी बघते कुठेतरी नोकरी.”

“मरोळला?”

“मरोळला.”

मी काही बोलायच्या आत फोन वाजला. तिचा फोन आता माझ्याकडेच असायचा. चेंबूरहून एक बाई. आवाज माझ्याएवढ्या वयाचा. कुणीतरी नंबर दिला होता, पोरीने लिहिलेलं काही त्यांनी वाचलेलं नव्हतं. नव्या सुनेचे सगळे दागिने, मुलाचा हार, शिवाय मुलीच्या बाळाचं बोरन्हाण. एवढं मोठं काम त्या हंगामात आलं नव्हतं. मी हो हो करत होतो. मग त्यांनी विचारलं, “एक विचारते, राग मानू नका. शुभाचं काम आहे. तुमच्या घरात तसलं काही नाही ना यंदा?”

जीभ तयार होती. ‘नाही’ म्हणायचं, बस. पोरगी खिडकीकडे तोंड करून उभी होती, तिला कळलंही नसतं. पण झालं काय, की श्रावणापासून मला हे कुणी विचारलंच नव्हतं. येणारा प्रत्येक जण माहिती घेऊनच आला होता, मला सांगायची पाळीच आली नव्हती.

मी म्हटलं, “माझी बायको मेली.”

वारली म्हणतात, हे मला नंतर सुचलं.

खिडकीतून पोरीने मान वळवली. मग फोनवर तोंड बाजूला करून बोलल्याचा आवाज आला, “अगं, त्यांच्याकडे मिसेस गेल्यात म्हणे याच वर्षी.” आणि लांबून एक कोवळा आवाज, बहुतेक त्या नव्या सुनेचाच, “मग काय आई? दुकानवाल्याच्या घरी कोण मेलंय ते विचारतो का आपण?” थोडी कुजबुज. ती मला ऐकू आली नाही. मग बाई परत आल्या.

“बरं. काटा कसा आलाय यंदा?”

“मध्यम,” मी म्हटलं. “थंडीच पडली नाही.”

“मध्यम?”

“मध्यम.”

“बरं... रविवारी येते बघायला. सगळं काढून ठेवा.”

मी फोन ठेवला. लेक माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती, कमरेवर हात.

“मध्यम काय, पप्पा? मध्यम?”

“मग काय आहे?”

“मध्यमच आहे! पण गिऱ्हाइकाला असं सांगतं का कुणी?” ती परात काढायला वाकली. “रविवारी येणार ना ती? तोवर आणते काटा. बघतेच कसा येत नाही.”

तिने गॅस पेटवला. साखर मोजताना मधेच विसरली, शिवी घातली आणि परत पहिल्या वाटीपासून मोजायला लागली.